पाव मिलिमीटर

१

अश्लेषा सबनीसने चाप ओढला. टक् असा आवाज झाला आणि त्यापुढे काहीच झालं नाही.

धडाक्याची सवय झालेल्या कानांना हा टक् फार मोठा वाटतो. अश्लेषाने पिस्तूल हलवलं नाही. काडतूस उशिरा पेटलंच तर गोळी निशाण्याकडेच जावी, म्हणून नियमाप्रमाणे ती तशीच उभी राहिली. मग ते काडतूस बाहेर काढून तिने समोरच्या कट्ट्यावर ठेवलं. पुढचं उडालं. त्यापुढचंही उडालं. मग पुन्हा टक्.

क्लबच्या संघातल्या शेवटच्या जागेसाठी त्या शनिवारी निवड होती. जागा एक, दावेदार दोन: अश्लेषा आणि मुकुल खांबेटे. काडतुसं ज्याने त्याने आपली आणायची आणि त्यांनी दगा दिला तर गुण जायचे, असा नियम. फेरी संपली तेव्हा अश्लेषासमोर न उडालेल्या काडतुसांची छोटी रांग उभी होती. तिच्याआधी फेरी संपवून मागे उभ्या असलेल्या मुकुलची एकही गोळी अडली नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण अश्लेषाची काडतुसं मुकुलनेच भरलेली होती.

सिंगापुरात पिस्तूल घरी नेता येत नाही. पिस्तूल, दारू, गोळ्या, सगळं क्लबच्या कुलपात राहतं. उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरायची मुभा या क्लबात मोजक्या सभासदांना होती, तीही क्लबच्याच एका खोलीत बसून. मुकुल त्यांतला एक. स्वतःसाठी भरताना तो अश्लेषासाठीही भरायचा. तिला त्यातलं काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. ती नेम धरायची, हा भरायचा. दोघांची अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

शस्त्रागार सांभाळणारे शंमुगम अंकल पुढे आले. न उडालेली काडतुसं त्यांनी त्याच पिस्तुलात घालून पुन्हा एकेक झाडून पाहिली. या खेपेला सगळी उडाली. फक्त एक सोडून. त्या एकावर त्यांनी तिसऱ्यांदा चाप ओढला, चौथ्यांदा ओढला. ते मुकंच राहिलं.

सेक्रेटरी मिस्टर लिम यांनी ते मुकं काडतूस एका डबीत ठेवलं. पिस्तुलात कारखान्याची काडतुसं घालून पाहिली, सगळी उडाली. भरायच्या खोलीतल्या प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकल्यांच्या, खोक्यातले थोडे प्रायमर दुसऱ्या यंत्रावर बसवून पाहिले. तेही चोख निघाले.

"पिस्तूल चांगलं. माल चांगला," लिम म्हणाले. "मग उरतो तो हात, ला." वाक्याच्या शेवटी 'ला' जोडायची ही तिथली सवय.

अश्लेषा मुकुलकडे वळली. "तूच भरलीस ना?"

"मीच."

"मग बोल काहीतरी."

मुकुल आपल्या हातांकडे पाहत राहिला.

लिमनी भरायच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर क्लब स्वतःच अपघात म्हणून नोंद करील," ते म्हणाले. "नाही सापडलं तर काडतुसांत कोणीतरी ढवळाढवळ केली असं धरून मला पोलिसांना कळवावं लागेल. भरणाऱ्याच्या नावासकट."

मुकुल एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, राहत होता. पासचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलून दाखवलं नाही.

२

उल्का भागवत जुरोंग आयलंडवरून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होती तेव्हा लिमचा फोन आला.

उल्काचं काम अपघात शोधायचं. रसायनांच्या कारखान्यात एखादी झडप गळते, एखादी टाकी तापू नये तेव्हा तापते. मग उल्काला बोलावतात. पन्नाशी उलटली होती. क्लबात ती रविवारी यायची, बरा नेम धरायची आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसायची. "कोणी केलं" हा प्रश्न ती नेहमी शेवटी विचारायची. त्याआधी "काय झालं" हे कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याची गरजच उरत नाही, हे तिने लिमनाही ऐकवलं.

"पण इथे गरज आहे," लिम म्हणाले. "मला नाव लिहायचं आहे. किंवा लिहायचं नाही, ते तरी ठरवायचं आहे."

"ती काडतुसं दुसऱ्या ठोक्याला उडाली?"

"एक सोडून."

खिडकीबाहेर टाक्यांच्या रांगा मागे पडत होत्या. त्यांच्या पोटात एवढं इंधन होतं की अख्खं बेट उजळून निघावं, आणि ते सारं शांत झोपलेलं होतं, कारण कुठेतरी कोणीतरी एक वायसर नीट बसवला होता. एवढ्या वर्षांत तिला याची सवय झाली नव्हती.

"दारू ओली असती किंवा प्रायमरला तेल लागलं असतं," ती म्हणाली, "तर दुसऱ्या ठोक्यालाही उडाली नसती. मेलेला माणूस दुसऱ्या हाकेला ओ देत नाही. ही जिवंत होती, मिस्टर लिम. पहिला ठोका त्यांच्यापर्यंत पोचला नाही, एवढंच."

"म्हणजे?"

प्रायमर म्हणजे कपाळावरच्या टिकलीएवढी धातूची वाटी. तळाशी चिमूटभरही नव्हे, कणभर स्फोटक. त्यावर तीन पायांची एवढीशी पत्र्याची ऐरण. लोहाराच्या ऐरणीचंच काम ती करते: पिस्तुलाची पिन वाटीला बाहेरून ठोकते आणि कण पिन आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतो. ठिणगी पडते. पण ऐरणीचे पाय पुंगळीच्या खाचेच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. ते अधांतरी असतील तर पहिला ठोका प्रायमरला नुसता आत ढकलण्यात खर्च होतो.

"प्रायमर पूर्ण बसलेच नव्हते," उल्का म्हणाली. "पहिल्या ठोक्याने बसले, दुसऱ्याने उडाले."

"मग हातच झाला की. मुकुलने ते अर्धवट बसवले."

"असेल. पण मग ते एक का उडालं नाही? तेही पहिल्या ठोक्याने आत बसलंच असेल ना?"

बस पुलावर आली तेव्हा तिला जाणवलं की उरलेली सगळी काडतुसं विसरली तरी चालेल. जे उडालं नाही, तेच बोलणार होतं.

३

ती काडतुसं दसऱ्यानंतर भरलेली होती, एवढं उल्काला लिमकडून कळलं होतं. तिने पहिल्यांदा शंमुगम अंकलना गाठलं. क्लबच्या आवारात ते आपली व्हॅन धूत होते. नंबरप्लेटवर आयुधपूजेच्या चंदनाचा पुसट ठिपका अजून होता.

"दसऱ्याच्या सुमारास काही वेगळं घडलं होतं का, अंकल?"

"वेगळं म्हणजे तुमची अश्लेषा मॅडम." ते हसले. "डबीत लाल पावडर घेऊन आली. म्हणते, अंकल, पिस्तुलाला एक बोट लावू द्या. मी म्हटलं, मॅडम, पिस्तुलाच्या यंत्रात पावडर? माझी नोकरी जाईल, ला. आमच्यात बघा, आम्ही चाकाखाली लिंबू ठेवतो. गाडी पुढे काढली, लिंबू फुटलं, संपलं. काही मागे राहत नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. तुमची ती दसऱ्याची पानं सगळ्यांना वाटत फिरली. मला दिलं, मिस्टर लिमना दिलं. मग मुकुलला द्यायला आत गेली."

व्हॅनच्या काचेशी, डॅशबोर्डवर, सुकलेलं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं एक पान होतं. उल्काने ते पाहिलं आणि पुढे निघाली.

मुकुल तिला हौगांगच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, भेटला. समोर कोपीचा, म्हणजे तिथल्या दुधाळ कॉफीचा, कप, त्यावर साय धरलेली.

"उल्काताई, तुम्हीही हाताबद्दलच विचारणार असाल तर सरळ विचारा."

"हाताबद्दल नाही. त्या दिवशी तू काय केलंस ते सांग. काही गाळू नकोस, कंटाळवाणं असलं तरी."

मुकुलने सांगितलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याने पुंगळ्या स्वच्छ केल्या, प्रायमर बसवले, दारू तोलली, गोळ्या बसवल्या. खोलीत तो एकटाच होता. प्रायमर बसवायचं टूल नेहमीचंच, टेबलाला जखडलेलं. पोलादी खाचेत पुंगळी सरकवायची, तरफ दाबायची, खालून प्रायमर वर येऊन बसतो.

"बसल्यावर अंगठा फिरवून पाहतोस?"

"प्रत्येकावर. सपाट लागत होते."

"सपाट? की किंचित खोल?"

मुकुल थांबला. "किंचित खोल लागायला हवेत, मला माहीत आहे. पण क्लबने आता शिशाच्या भीतीने हातमोजे सक्तीचे केलेत. त्यातून एवढा फरक कळत नाही. उंच लागले असते तर कळलं असतं."

"आणखी काही?"

"नाही. म्हणजे, पहिला प्रायमर जरा जड गेला. पुढचे नेहमीसारखे."

"पहिलाच जड गेला?"

"सकाळी पहिली पोळी बिघडते तसं समजा."

उल्का हसली नाही. "आता अवघड प्रश्न. त्या बॅचमधली काडतुसं निवडीत तू स्वतः का वापरली नाहीस? तुझी एकही अडली नाही."

मुकुलचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्याने स्वतःला आधीच विचारला होता, हे दिसत होतं.

"माझ्याकडे गणपतीच्या आधी भरलेली उरली होती. ताजी तिला दिली, जुनी मी घेतली." त्याने खांदे उडवले. "आमच्याकडे ताजी भाकरी पाहुण्याला वाढतात, शिळी स्वतः खातात. आईची शिकवण. आता हे मिस्टर लिमना इंग्रजीत कसं समजावू, सांगा."

"ती पाहुणी आहे का?"

"मॅच तिची होती, ताई." त्याने कप बाजूला सरकवला. "माझ्यापेक्षा ती चांगली मारते. जागा तिचीच होती. पास गेला तर परत जाईन, पुण्यात नोकऱ्या आहेत. पण काडतुसात खोट करणारा म्हणून जायचं, ते नको."

४

पुंगोलच्या खाडीकाठच्या फ्लॅटमध्ये अश्लेषाने दार उघडलं आणि दारातच म्हणाली, "त्याची बाजू घेऊन आलीस का?"

"पाणी प्यायला आले. आत येऊ दे."

अश्लेषाचं माहेर मिरजेचं. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इथे ती एका बँकेत जोखीम मोजायचं काम करायची, आणि तिचा स्वभावही तसाच झाला होता: आधी वाईटात वाईट काय ते धरून चालायचं.

"माझ्यामागे उभा राहून पाहत होता तो," ती म्हणाली. "प्रत्येक टक्‌ला. काय वाटत असेल त्याला?"

"तूच सांग. इतकी वर्षं ओळखतेस."

"ओळखते म्हणूनच राग येतो. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तक्रार करून मोकळी झाले असते. नीट जेवणसुद्धा जात नाहीये." तिने आवाज खाली आणला. "त्याने कबूल केलं ना, उल्काताई, की जागा हवी होती, मोह झाला, तर मी लिमना स्वतः सांगेन, जाऊ द्या म्हणून. पण तो कबूलही करत नाही."

जेवणाच्या टेबलावर तिचा सात वर्षांचा मुलगा नील लॅपटॉप उचलून आपली चित्रकलेची वही शोधत होता. लॅपटॉपच्या तळाला काहीतरी चिकटलेलं होतं.

"Mama, leaf again lah," तो म्हणाला. "My bicycle also got leaf."

"हात लावू नकोस रे त्याला. पुढच्या दसऱ्याला नवीन आलं की मग काढायचं." ती उल्काकडे वळली. "बाबांची सवय. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला प्रत्येक हत्याराखाली पान सरकवायचे. वर्षभर तसंच. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्याखाली सोनं हवं म्हणायचे. इथे हत्यारं कुठली, लॅपटॉपच."

"पिस्तुलाला शंमुगमनी लावू दिलं नाही म्हणे."

"नाही ना." अश्लेषा पहिल्यांदाच जरा हसली. "लाल पावडर बघून घाबरले बिचारे."

उल्काने पाणी संपवलं. त्या क्षणी तिला काही सुचलं नव्हतं, हे तिने नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. सांधा जुळला तो दुसऱ्या दिवशी, एका एवढ्याशा चकतीमुळे.

५

गुरुवारी संध्याकाळी लिमनी कुलूप काढलं. खोली लहान होती: एक टेबल, त्याला जखडलेली टूल्स, वर पांढरा दिवा. शंमुगम अंकलनी डबीतलं मुकं काडतूस साच्यात धरलं आणि गोळी सावकाश ओढून काढली. दारू एका कागदावर ओतली. कोरडी, चांगली. मग पुंगळीच्या तोंडातून सळई घालून प्रायमर हळूच बाहेर ढकलला.

प्रायमर निघाला. त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू निघाली आणि दारूच्या कागदावर पडली.

"मूग?" शंमुगम म्हणाले.

मुगाच्या अर्ध्या डाळीसारखी, पण कागदाइतकी पातळ अशी ती एक तपकिरी चकती होती. कडा इतक्या गोल की कोणी कंपासाने कापल्यासारखी. एका बाजूला ऐरणीच्या पायांनी दाबल्याचे तीन ठसे. ही चकती ऐरण आणि खाचेचा तळ यांच्यामध्ये बसली होती. कितीही ठोका, तिने तो गिळला असता, आणि ठिणगी पडली असती तरी ठिणगीची वाट तिनेच बुजवली असती. एका काडतुसाचं कोडं सुटलं.

उल्काने भिंग घेतलं.

चकतीवर रेषा होत्या. बारीक, फाटे फुटत जाणाऱ्या. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. एवढ्याशा गोलात एक अख्खी नदी आपल्या उपनद्यांसकट वाहत होती. ती पाहताना उल्का विसरली की हा पुरावा आहे. तिने भिंग लिमच्या हातात दिलं. लिम बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि सरळ झाले तेव्हा एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "हे जिवंत होतं कधीतरी."

"पहिला प्रायमर जड गेला," उल्का स्वतःशीच म्हणाली. "पहिलाच."

ती प्रायमर बसवायच्या टूलकडे गेली. पुंगळी धरणारी पोलादी खाच वरून एका चिमट्यासारख्या पट्टीने अडकवलेली असते. पट्टी बाजूला केली की ती सरकून हातात येते. मधोमध एक गोल भोक, त्यातून खालचा दांडा प्रायमर वर ढकलतो. उल्काने पट्टी सरकवली आणि खाच उचलली.

खाली एक पान होतं. लहान, दोन पाकळ्या जोडल्यासारखं, वाळून तपकिरी झालेलं, पोलादाच्या दाबाने इस्त्री केल्यासारखं सपाट. देठाजवळ कुंकवाचा एक कण. आणि बरोबर मध्यावर, दांड्याने पाडलेलं एक गोल भोक.

लिमनी जाडी मोजायचं मापक आणलं. पानाची जाडी पाव मिलिमीटरही भरली नाही. तेवढीच पुंगळी वर उचलली गेली होती, आणि तेवढाच प्रत्येक प्रायमर आत जायचा राहिला होता. हातमोज्यातून कळू नये आणि ऐरणीला टेकू नये, इतकंच. एका पानाच्या जाडीवर एका माणसाचं नाव, पोट आणि देश अडकला होता.

चिमट्याने चकती उचलून उल्काने पानाच्या भोकात ठेवली. एका तीरावरची रेषा दुसऱ्या तीरावरच्या रेषेला जाऊन मिळाली. कुठे खंड दिसला नाही.

"कुठलं पान आहे हे?" लिमनी विचारलं.

उल्काला ते ठाऊक होतं. आपट्याचं. हौगांगला तिच्या दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये कुंडीत ते झाड होतं, आणि दसऱ्याच्या सकाळी त्याची मूठभर पानं तिने स्वतःच अश्लेषाला खुडून दिली होती.

६

शुक्रवारी पाचही जण त्या खोलीत उभे होते. बसायला जागा नव्हती. पांढऱ्या कागदावर पान आणि चकती ठेवलेली होती, पण उल्काने त्यावर एक उपडा कप ठेवला होता.

"मी निष्कर्षापासून सुरुवात करते," ती म्हणाली. "या टूलमध्ये पुंगळीखाली एक वस्तू होती. दसऱ्याच्या दिवशी ती तिथे गेली. त्यानंतर इथे भरलेली पहिली बॅच अश्लेषाची. ताजी भाकरी पाहुण्याला वाढावी तशी मुकुलने ती तिला दिली आणि स्वतः जुनी घेतली. पहिल्या प्रायमरने त्या वस्तूतून एक चकती कापली आणि आपल्याबरोबर आत नेली. ते मुकं काडतूस. बाकीच्यांना फक्त तिची जाडी नडली."

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम ठेवलं," अश्लेषा म्हणाली. तिची नजर मुकुलवर होती.

"मुद्दाम ठेवलं, हो. खोट करायला नाही. ज्याला हे टूल काय करतं ते माहीत आहे, तो भोकावर काही ठेवणार नाही. पहिल्या फटक्यात पुरावा कापला जाऊन काडतुसात अडकेल, हे त्याला कळेल. आणि काम झाल्यावर तो ती वस्तू काढून घेईल. मुकुल त्या रविवारी इथे एकटा होता. काढायला त्याला अर्ध्या मिनिटाचं काम. पण ती वस्तू काल संध्याकाळपर्यंत इथेच होती. ठेवणाऱ्याला ती काढायची नव्हती. वर्षभर तरी."

शेवटचे दोन शब्द तिने मुद्दाम सावकाश उच्चारले नव्हते. पण अश्लेषाची मान वर झाली.

उल्काने कप उचलला.

"ज्यांना अशी पानं मिळाली त्यांना मी विचारून आले. मिस्टर लिमचं त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे. अंकलचं व्हॅनमध्ये. मुकुलचं पाकिटात, काल त्याने दाखवलं. हे कोणालाही दिलेलं नाही. हे या टूललाच वाहिलेलं आहे. देठाला कुंकू आहे, बघा."

उल्का तिथे थांबली. नाव तिने घेतलं नाही.

मुकुल पानाकडे पाहत होता. त्याला सगळं एकदमच कळलं असावं, कारण त्याचे खांदे सैल पडले, आणि पुढच्याच क्षणी तो लिमकडे वळून म्हणाला, "मीच ठेवलं असेल. आमच्यात पद्धत आहे. विसरलो असेन. माझ्या नावावर अपघात लिहा."

"मुकुल," उल्का म्हणाली.

"काय हरकत आहे, ताई? माझं नाव आधीच लिहिलंय तिथे. अपघात लिहिला तर पासचं काही बिघडत नाही. आणि हिची फेरी पुन्हा घेता येईल. भरणाऱ्याची चूक, नेमबाजाची नाही."

ते खरं होतं. दोघांचंही भलं होणार होतं. लिमनी खिशातून पेन काढलंही.

अश्लेषाने पान उचललं. तळहातावर ठेवून दिव्याखाली धरलं. भोकातून प्रकाशाचा एक ठिपका तिच्या हातावर पडला.

"अंकलनी पिस्तुलाला हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "म्हणून इथे आले. मुकुल यायचा होता. वाटलं, माझ्या गोळ्या इथे तयार होतात, माझं हत्यार हेच की. ही पट्टी सरकते हे त्याला करताना पाहिलं होतं. खाली बरोबर पानाएवढी जागा होती. कोणाला दिसायचं नाही, मिस्टर लिम रागावायचे नाहीत." तिने श्वास घेतला. "बाबांच्या वर्कशॉपमध्ये पान्याखाली ठेवायचे, घणाखाली ठेवायचे. पाव मिलिमीटरने घणाचं काय बिघडतं?"

"माझं नाव लिहा," ती लिमना म्हणाली. इंग्रजीत, स्पष्ट. "ठेवलं मी. भरताना त्याची काही चूक नाही. गुण लागले ते लागले. जागा त्याची."

"पुढच्या वर्षी लिंबू, मॅडम," शंमुगम अंकल दाराशी टेकून म्हणाले. "लिंबू बरं."

मुकुल हसला आणि मग त्याला हसू आवरेना. अश्लेषा हसली नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला मी काय काय म्हणाले ते..."

"राहू दे."

"नाही. एक वर्ष शिळी मला दे. ताजी तू घे."

लिमना यातलं अक्षरही कळलं नाही. ते अहवाल लिहीत होते, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे शेवटची एक गोष्ट उरली होती. टूल दुरुस्त झालं हे सिद्ध व्हायला हवं. मुकुलने खाच पुसली, बसवली, आणि सगळ्यांसमोर मोजकी काडतुसं भरली. या वेळी लिमच्या परवानगीने हातमोजा काढून त्याने प्रत्येकावर अंगठा फिरवला. किंचित खोल. मग काडतुसांची पेटी कट्ट्यावर ठेवली गेली.

"कोण मारणार?" लिमनी विचारलं.

अश्लेषाने हात पुढे केला. एक आठवडा तिने या माणसाने भरलेल्या काडतुसांकडे पाहिलंही नव्हतं. तिने ती एकेक करून पिस्तुलात भरली, कानांवर आवरणं चढवली आणि रेषेवर उभी राहिली. मागे मुकुल उभा होता, निवडीच्या दिवशी होता तसाच. त्याचे डोळे मिटलेले होते.

पहिला धडाका झाला. मग दुसरा. मग उरलेले, एकामागोमाग, एका लयीत, मध्ये कुठेही न अडखळता. रिकाम्या पुंगळ्या सिमेंटवर टणटणत घरंगळल्या आणि एकेक करून थांबल्या. उल्काने खाली वाकून त्यातली एक उचलली. अजून गरम होती. तळाशी प्रायमरच्या मधोमध पिनचा खळगा होता, एकच, गोल आणि खोल.

तिने ती मुकुलच्या हातात दिली. त्याने अंगठा फिरवून पाहिलं आणि मग डोळे उघडले.